बदक

टॉवेल कारखान्याच्या दारात, सकाळी सव्वासातला,
'धोटा' हा शब्द माझ्या तोंडातून गेला.
मागोमाग मालकाचं नाव, बायकोचं नाव,
चहा, घरातलं तेलुगू, बाजारातलं मराठी,
सगळंच.
उजव्या हातातली कांड्यांची टोपली फरशीवर सांडली
आणि मी बघत उभा,
जशी काय दुसऱ्या कुणाच्या हातातून पडली.

अकरा मिनिटं. कांडीवाल्या यल्लव्वानं मोजली,
भिंतीवरच्या घड्याळात.
मग वीज आल्यावर माग सुरू होतात तसं
सगळं एकदम परत आलं, खडखडाटासकट.
मी म्हणालो, बरं वाटतंय, तीन नंबरचा पट्टा बघतो.
ती म्हणाली, पट्टा गेला चुलीत, रिक्षात बस.

डॉक्टर शाब्दींनी मानेला गार जेली लावली.
पडद्यावर माझं रक्त,
एका चिंचोळ्या जागेतून जीव खाऊन पळणारं.
"डावी शीर. ऐंशी टक्के बुजलीय.
हे आलं आणि गेलं.
पुढचं येईल ते राहायलाच येईल."

औषधाच्या पाकिटावर त्यांनी माझी मान काढली.
गोळ्या तर जन्मभर आहेतच,
पण एवढ्या अडथळ्याला नुसत्या गोळ्या पुरणार नाहीत.
जांघेतून तार नेऊन जाळी बसवता येते,
पण वय एकाहत्तर, नळ्या वाकड्यातिकड्या,
तार फिरताना एखादा कण सुटला तर थेट मेंदूत.
नाहीतर मान उघडायची. शीर चिरून थर खरवडायचा,
ठिगळ लावून शिवायची.
शंभरात दोघा-तिघांना टेबलावरच झटका येतो,
तेही त्यांनी सांगितलं. डोळ्यांत बघून.
"आणि पंधरा दिवसांच्या आत. वेळ गेली की फायदा गेला."

मुलगा म्हणाला जाळी,
शेजारच्या कोंड्यालांच्या छातीत बसवलीय, तिसऱ्या दिवशी दुकानात.
मेव्हणा म्हणाला हैदराबाद.
सोलापुरात दर दुखण्यामागं
एक हैदराबादवाला मेव्हणा असतोच.
मी एवढंच विचारलं, शिवण कोण घालणार?
त्या म्हणाल्या, मी.
मी त्यांची बोटं बघितली.
चाळीस वर्षं तुटका ताणा सांधणाऱ्यांची बोटं बघत आलोय,
तेवढं कळतं मला.

भूल फक्त मानेला. मी जागा.
उजव्या हातात त्यांनी काय दिलं असेल?
पिवळं रबरी बदक. मंगळवार बाजारात मिळतं तसलं.
"मी म्हटलं की दाबायचं. वाजलं, म्हणजे मेंदूला रक्त पोचतंय."
हिरव्या कापडाखाली मी, भूमय्या मेरगू, माजी जॉबर,
दोन लेकरांचा बाप, एका नातीचा आजोबा,
बदक घेऊन.

"शीर बांधली. दाबा."
पीं.
"दाबा."
पीं.
"घरी कोण कोण?" व्यंकम्मा, म्हणालो.
बायकोचं नाव जागेवर होतं.
"दाबा."
हात जड वाटला. खरंच जड, की भीतीनं?
खोलीतला श्वास थांबल्याचं कापडाखालूनही ऐकू आलं.
धोटा अर्ध्यात अडकला की जॉबर कसा पळतो,
तसं माझ्यातलं कुणीतरी पळालं त्या हाताकडं.
पीं.

नंतर ट्रेमध्ये दाखवला तो थर.
पिवळट, करंगळीच्या पेराएवढा,
तव्याला चिकटून राहिलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा.
एवढ्याशासाठी.

आता डाव्या कानाची पाळी बधिर आहे.
दाढी करताना गालाचा तो भाग दुसऱ्याचाच वाटतो,
उधार घेतल्यासारखा जपून वस्तरा फिरवतो.
गोळ्या चालू. बिडी बंद, म्हणजे बहुतेक बंद.
नात बदक मागते. देत नाही,
नवीन आणून देतो म्हणतो.
रात्री मागांचा आवाज थांबला
की उजव्या हातानं एकदा दाबून बघतो.
पलीकडून व्यंकम्मा खेकसते, पडुको!
मी काही बोलत नाही.
आणखी एकदा दाबतो.